अनुदानाचा प्रस्ताव लिहिताय? शेवटच्या कागदापासून सुरुवात करा

खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका गावात महिला मंडळाची बैठक चालली होती. जूनचा शेवट, बाहेर पाऊस, वीज दुपारीच गेलेली. मोबाईलच्या उजेडात मंडळाच्या सेक्रेटरी ताई एक इंग्रजी फॉर्म वाचत होत्या आणि दर ओळीला अडत होत्या. आउटपुट, आउटकम, बेसलाइन, ओव्हरहेड. शेवटी त्यांनी कागद मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, ‘पोरांना दिवे पाहिजेत, बसायला जागा पाहिजे, शिकवायला कोणतरी पाहिजे. एवढंच सांगायचं हाय की. हे बाकीचं काय विचारायलेत?’

फॉर्मलाही तेवढंच ऐकायचं असतं. तो ते तुकडे करून विचारतो आणि प्रत्येक तुकड्याला एक नाव देतो. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली महिला मंडळं, गावची वाचनालयं, तरुण मंडळं यांना असे फॉर्म भरायला मी गेली काही वर्षं मदत करतो. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. प्रस्तावात लिहिलेला प्रत्येक शब्द वर्षभराने कागद होऊन आपल्याच दारात येतो. ‘लाभार्थी ४०’ लिहिलंत की ४० नावं आणि सह्या लागतात. ‘मासिक बैठक’ लिहिलंत की बारा इतिवृत्तं लागतात. म्हणून नव्या माणसाला हे शब्द मी उलट्या क्रमाने शिकवतो, शेवटच्या कागदापासून. खाली तोच क्रम आहे, आणि उदाहरण त्या ताईंना गावच्या मुलांसाठी काढायच्या अभ्यासिकेचं. आकडे मात्र समजावण्यापुरते माझे.

पहिली पायरी: शेवटचा कागद आधी बघा

त्या शेवटच्या कागदाचं नाव उपयोगिता प्रमाणपत्र. बोलताना सगळे ‘यूसी’ म्हणतात, आणि कन्नड पत्रात ‘हण बळके प्रमाण पत्र’ असं येतं. एका पानाचा कागद असतो. अमुक रक्कम मिळाली, ज्या कामासाठी मिळाली त्याच कामाला तमुक खर्च झाली, एवढी शिल्लक आहे. खाली अध्यक्ष-सेक्रेटरींच्या सह्या आणि बहुतेक ठिकाणी सीएचा शिक्का. केंद्र सरकारच्या अनुदानाला यासाठी ठरलेला नमुना आहे, २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांमधला ‘जीएफआर १२-ए’. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत तो द्यायचा असतो. आणि एक बारकावा: केंद्राचं अनुदान बँकेत पडून असताना त्यावर जे व्याज येतं ते आपलं नसतं, सरकारजमा करावं लागतं. पुष्कळ मंडळं ते व्याज सतरंज्यांना वापरून मोकळी होतात आणि ऑडिटमध्ये अडकतात.

यूसीच्या मागे ऑडिट केलेला जमाखर्च असतो, त्याच्या मागे व्हाउचर, व्हाउचरच्या मागे बिल, आणि बिलाच्या मागे तीन कोटेशनं. ही साखळी डोळ्यांसमोर ठेवा. प्रस्तावातलं कुठलंही वाक्य लिहिताना विचारायचं: याचा कागद मला मिळेल का? गवंडी पक्कं बिल देणार नसेल तर त्याचं काय करायचं हे आधीच ठरवावं लागतं. मजुरी असेल तर नाव, दिवस, दर, सही असलेला हजेरीपट चालतो. पण देणाऱ्याला तो चालतो का, हे आधी विचारून घ्या, नंतर नको. शिवाय एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख देणं आयकराच्या दृष्टीने संस्थेला महाग पडतं. चेक किंवा ऑनलाइन, हाच रस्ता.

दुसरी पायरी: पैसा कुणाचा, ते ओळखा

देणगी, अनुदान, सीएसआर (कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा निधी), परदेशी निधी हे चार शब्द गावात एकाच अर्थाने वापरले जातात. हिशेबाच्या वहीत मात्र ते चार वेगळे प्राणी आहेत.

देणगी देणारा सहसा अट घालत नाही. त्याला पावती हवी असते, आणि संस्थेकडे ‘८०जी’ असेल तर करात सवलत. ती सवलत दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीला मिळत नाही, हे गणेशोत्सवाच्या पावतीपुस्तकावर बसणाऱ्या मुलांनाही सांगून ठेवा. देणारा ‘ही रक्कम मोडू नका, व्याजावर चालवा’ म्हणाला आणि तसं लिहून दिलं, तर ती झाली कॉर्पस, म्हणजे कायम निधी. पुरस्काराच्या ठेवी बहुधा अशाच असतात.

अनुदान म्हणजे ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या मुदतीत, अटींसह मिळालेला पैसा. काम झालं नाही तर परत. यालाच ‘निर्बंधित निधी’ म्हणतात. अभ्यासिकेसाठी आलेले पैसे वाचनालयाचं छप्पर गळतंय म्हणून तिकडे वळवले, तर हेतू कितीही चांगला असला तरी तो गैरवापर ठरतो.

सीएसआरबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली एखादी फाउंड्री दिसली की मंडळ अर्ज घेऊन पोचतं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली हे बंधन फक्त ठरावीक मोठ्या कंपन्यांवर आहे: मागच्या वर्षी नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीतरी एक असलेल्या. अशा कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के समाजकामावर खर्च करायचे असतात. आणि तेही कायद्याच्या सातव्या परिशिष्टात बसणाऱ्या विषयांवर, म्हणजे शिक्षण, आरोग्य, पाणी, पर्यावरण असे. छोट्या कारखानदाराने दिले तर ती त्याची देणगी. आभार माना, पण अर्जात ‘सीएसआर निधी मिळावा’ असं लिहून त्याला कोड्यात टाकू नका. उलट बाजूने, सीएसआर घ्यायचा तर आपल्याकडे १२ए (संस्थेच्या करमाफीची नोंदणी), ८०जी आणि कंपनी मंत्रालयाची ‘सीएसआर-१’ नोंदणी लागते, आणि तशाच कामाचा निदान तीन वर्षांचा अनुभव. कालच स्थापन झालेल्या मंडळाने इथे वेळ घालवू नये.

परदेशी निधीसाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा २०१० चा कायदा. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो फार कडक झाला. परदेशी पैसा पहिल्यांदा येतो तो दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर चालत नाही, आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. नोंदणीसाठी तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या तीन वर्षांत १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. आपल्याकडे प्रश्न वेगळाच येतो: गावचा मुलगा दुबईला आहे, त्याने शाळेला पन्नास हजार पाठवले तर? त्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवले असतील, तर तो परदेशी निधी धरत नाहीत. तोच मुलगा अमेरिकेचा किंवा पोर्तुगालचा नागरिक झाला असेल तर धरतात. गोव्याशी सोयरीक असलेल्या आपल्या भागात ही दुसरी शक्यता वाटते तेवढी लांबची नाही, म्हणून पैसे घेण्याआधी पासपोर्ट विचारा. संकोच वाटतो, पण विचारा.

तिसरी पायरी: संस्थेचं नाव एकच आहे का?

कोल्हापूर-सांगलीकडून मिळालेले प्रस्तावाचे नमुने आपल्याकडे खूप फिरतात. त्यात ‘धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी’ असा रकाना असतो. आपलं मंडळ कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६० खाली जिल्हा निबंधकांकडे नोंदलेलं असेल, तर तिथे त्या नोंदणीचा क्रमांक आणि तारीख लिहायची. रकाना रिकामा सोडायचा नाही आणि महाराष्ट्राचा शब्दही उतरवायचा नाही. निबंधकांकडे दरवर्षीची कार्यकारिणीची यादी आणि हिशेब भरलेले असणं गरजेचं. पाच वर्षं भरलेच नाहीत असं निघालं, की बाकी सगळा अर्ज फुकट.

आता खास आपलं दुखणं. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. त्याआधीच्या नोंदणीपत्रावर इंग्रजीत ‘बेलगाम’, पॅनकार्डावर तेच पण एक अक्षर कमी, बँकेच्या पासबुकावर ‘बेळगावी’, ठरावाच्या वहीत मराठीत ‘बेळगाव’. त्यात मंडळाच्या नावातलं ‘महिला’ कुठे दोन ‘ए’ने, कुठे एका. माणसाला कळतं की हे एकच मंडळ आहे. पोर्टलला कळत नाही. नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवर नोंदणी करताना पॅनवरचं नाव आणि भरलेलं नाव जुळलं नाही की गाडी तिथेच थांबते. एका वाचनालयाचे असे सात आठवडे गेले आणि तेवढ्यात अर्जाची मुदत संपली. म्हणून सगळ्यांत आधी नोंदणीपत्र, पॅन, पासबुक आणि १२ए-८०जीचे आदेश एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवा. फरक असेल तर पॅन दुरुस्त करायचं की बँक, हे सीएला विचारून ठरवा.

१२ए म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावरची करमाफी, ८०जी म्हणजे देणाऱ्याला मिळणारी सवलत. एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुरे. नव्या संस्थेला दोन्ही आधी तीन वर्षांसाठी तात्पुरती मिळतात, मग नियमित करून घ्यावी लागतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण बोलताना लोक अजून बरीच वर्षं ‘१२ए’ आणि ‘८०जी’च म्हणत राहतील. फॉर्ममध्ये मात्र जो क्रमांक विचारलाय तोच पाहून भरा.

चौथी पायरी: जाहिरात वाचताना

‘ईओआय’ म्हणजे इच्छापत्र, आम्हाला रस आहे एवढंच कळवणं. ‘कॉन्सेप्ट नोट’ म्हणजे दोन-तीन पानांचं संकल्पना टिपण. ते आवडलं तर पूर्ण प्रस्ताव मागवतात. ‘आरएफपी’ म्हणजे काम देणाऱ्याने आधीच ठरवलंय, आपण ते कसं आणि कितीत करू हे सांगायचं. संकल्पना टिपण मागितलेलं असताना चाळीस पानांचा प्रस्ताव फोटोंच्या अल्बमसह पाठवणारी मंडळं मी पाहिली आहेत. कुणी वाचत नाही.

सरकारी कन्नड पत्रकात काही शब्द वारंवार येतात आणि ते मराठी माणसाला अर्धे ओळखीचे असतात. अनुदान आणि ठराव तसेच्या तसे. फलानुभवी म्हणजे लाभार्थी. क्रिया योजने म्हणजे कृती आराखडा. अंदाजु पट्टी म्हणजे अंदाजपत्रक. ग्रामपंचायतीत पीडीओंकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे, जाताना हे पाच शब्द तोंडात असले की बोलणं सोपं होतं. अर्जाची भाषा कुठली चालेल हे जाहिरातीत लिहिलेलं असतं. मराठी ठराव असेल तर सोबत कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर सेक्रेटरीच्या सहीने जोडावं. वाद घालायची जागा दुसरी असते, अर्जाची फाईल ती जागा नव्हे.

पाचवी पायरी: गरज, बेसलाइन आणि ते तीन ‘आउट’वाले शब्द

इथे सावकाश जाऊ, कारण प्रस्ताव इथेच उभा राहतो किंवा पडतो.

‘गरज’ या रकान्यात नवखा माणूस जिल्ह्याचा इतिहास लिहितो. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ होती, हे खरं आहे, पण त्याने तुमच्या गावात अभ्यासिका का हवी हे कळत नाही. ताईंना मी विचारलं, गावात आठवी ते दहावीची मुलं किती? त्या म्हणाल्या, ‘असतील पन्नासभर.’ मोजा म्हटलं. दोन दिवसांत मंडळाच्या बायका घरोघरी फिरल्या. मुलं निघाली ४०, त्यात मुली २३. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात घरी बसून अभ्यास होतो, असं सांगणारी फक्त ११. पावसाळ्यात शाळेची बस चुकते म्हणून आठवड्यातून निदान एक दिवस शाळा बुडणारी १८. हे एक वहीभर काम. पण या वहीचं नाव बेसलाइन, म्हणजे कामाच्या आधीची स्थिती. ती वही जपून ठेवा, तारीख घाला, मोजणाऱ्यांच्या सह्या घ्या. वर्षअखेर हीच माणसं, हेच प्रश्न घेऊन पुन्हा फिरतील. त्याला एंडलाइन म्हणतात, आणि दोन्हींतला फरक हा तुमच्या कामाचा पुरावा.

आता शब्दांची शिडी. ‘इनपुट’ म्हणजे आपण जे घालतो: पैसे, दिवे, शिकवणारी ताई. ‘ऍक्टिव्हिटी’ म्हणजे जे करतो: आठवड्याला सहा दिवस, दोन तास अभ्यासिका. ‘आउटपुट’ म्हणजे केल्यावर जे लगेच मोजता येतं: दहा महिन्यांत २४० सत्रं झाली, ४० मुलं नोंदली. ‘आउटकम’ म्हणजे त्यामुळे माणसांत काय बदललं: रोज दोन तास अभ्यास करणारी मुलं ११ वरून ३० झाली, गणितात नापास होणारी कमी झाली. ‘इम्पॅक्ट’ म्हणजे पुष्कळ वर्षांनी दिसणारा मोठा बदल, जसं की गावातल्या मुली दहावीनंतरही शिकत राहणं. तो एका वर्षाच्या प्रस्तावात सिद्ध होत नाही. तिथे अपेक्षा लिहावी, वचन देऊ नये.

आउटपुट आणि आउटकम यांची गल्लत जवळजवळ प्रत्येक पहिल्या प्रस्तावात असते. मी ताईंना भाताची रोपं लावण्याचं उदाहरण दिलं. लावणी किती गुंठ्यांत झाली हे आउटपुट. पोती किती आली हे आउटकम. लावणीचे फोटो काढून कुणी पीक आलं म्हणत नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘मग त्या शिबिरांचे बॅनरवाले फोटो म्हणजे सगळी लावणीच की.’

‘इंडिकेटर’ म्हणजे मोजायची खूण. ‘मुलांमध्ये अभ्यासाची गोडी निर्माण होईल’ यात मोजायला काही नाही. ‘४० पैकी निदान ३० मुलं ७५ टक्के दिवस हजर राहतील’ यात आहे. त्यापुढचा रकाना ‘मीन्स ऑफ व्हेरिफिकेशन’. त्याचं मराठी मी सरळ ‘कागद कुठला?’ असं करतो. हजेरीवही, चाचणीचे पेपर, शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र. हे सगळं एका तक्त्यात मांडलं की झाला लॉगफ्रेम. १९६९ मध्ये अमेरिकेच्या यूएसएड या मदत संस्थेसाठी तो तयार झाला आणि मग जगभरच्या फॉर्ममध्ये शिरला. दिसायला भीतीदायक असतो, पण चार आडव्या ओळी आणि चार उभे रकाने यापलीकडे त्यात काही नाही. शेवटच्या रकान्यात ‘असंप्शन्स’ विचारतात, म्हणजे आपल्या हातात नसलेल्या गोष्टी. तिथे खोटं धैर्य दाखवू नका. ‘जुलै-ऑगस्टमध्ये अतिवृष्टीने शाळा बंद राहिल्यास सत्रं कमी होतील’ असं सरळ लिहा. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस माहीत असलेल्याला ते पटतं, आणि माहीत नसलेल्याला तुमची तयारी दिसते.

माझी चूकही सांगतो. अगदी पहिल्या प्रस्तावात मी वाचनालयाचे लाभार्थी ५०० लिहिले होते. गावची लोकसंख्या डोळ्यांपुढे होती, वाचनालय सगळ्यांना खुलं, म्हणून ५००. सहा महिन्यांनी पाहणीला आलेल्या बाईंनी नोंदवही मागितली. तीत नावं होती ६३. ६३ वाचक लहान गावाला अजिबात वाईट नाहीत. पहिल्यांदा तेवढेच लिहिले असते तर शाबासकी मिळाली असती. ५०० लिहिल्यामुळे आम्ही खोटारडे ठरलो आणि दुसरा हप्ता चार महिने अडकला. ‘थेट लाभार्थी’ आणि ‘अप्रत्यक्ष लाभार्थी’ असे दोन रकाने कशासाठी असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

सहावी पायरी: अंदाजपत्रक

अभ्यासिकेचं दहा महिन्यांचं बजेट आम्ही असं बसवलं. शिकवणाऱ्या ताईचं मानधन महिना ५,००० प्रमाणे ५०,०००. सौर दिवे आणि बॅटरी ३८,०००. रॅक, सतरंज्या, फळा २२,०००. पुस्तकं आणि वह्या २४,०००. सुरुवातीची आणि शेवटची चाचणी, छपाईसह ६,०००. झेरॉक्स, प्रवास, ऑडिट फी १०,०००. एकूण १,५०,०००. शिवाय गावाने खोली फुकट दिली, तिचं भाडं महिना १,००० धरून १०,०००. प्रकल्पाची किंमत १,६०,०००, मागणी १,५०,०००.

आता यातले शब्द. दिवे आणि रॅक हे भांडवली खर्च, एकदाच होणारे, ६०,०००. बाकीचे ९०,००० आवर्ती, म्हणजे काम चालू आहे तोवर होत राहणारे. काही देणारे भांडवली खर्च देतच नाहीत, काही फक्त तोच देतात. जाहिरातीत हे आधी शोधा. खोलीचं भाडं म्हणजे वस्तुरूप वाटा. तो रोख नसला तरी मोजायचा, आणि त्यासाठी खोलीच्या मालकाचं किंवा पंचायतीचं पत्र घ्यायचं. ‘मॅचिंग ग्रँट’ असेल तर देणारा म्हणतो, तुम्ही जेवढे घालाल त्याच्या इतके किंवा दुप्पट मी घालीन. तिथे वस्तुरूप चालतं की रोखच हवं, हा प्रश्न पहिल्याच फोनमध्ये विचारा.

ओव्हरहेड म्हणजे काम चालवण्याचा वरखर्च, इथे झेरॉक्स, प्रवास, ऑडिट फीचे दहा हजार. मंडळाला हे लिहायची लाज वाटते. ‘आम्ही सेवाभावी आहोत, आम्हाला काही नको’ म्हणून शून्य टाकतात. मग ऑडिट फी सेक्रेटरींच्या नवऱ्याच्या खिशातून जाते, आणि पुढच्या वर्षी सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नसतं. बेळगावला निबंधकांकडे किंवा बँकेत चार फेऱ्या माराव्या लागतात, त्याला बसभाडं पडतं. ते लिहा. फक्त ‘इतर खर्च १०,०००’ असं मोघम लिहू नका, तुकडे करून दाखवा. ‘किरकोळ’ हा शब्द तर बजेटमधून हद्दपारच करा.

मानधन आणि पगार यांतही फरक आहे. अभ्यासिकेच्या ताईला मानधन, नेमणूकपत्र आणि दर महिन्याला सहीची पावती. ती अध्यक्षांची सून असेल तर तसं उघड लिहून, ठराव करून, अध्यक्षांना त्या बैठकीबाहेर ठेवून नेमणूक करा. याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. लहान गावात नात्यातलीच माणसं असणार, त्यात पाप नाही. लपवलं की संशय येतो.

शेवटी भागाकार करून बघा: १,६०,००० भागिले ४०, म्हणजे दर मुलामागे ४,००० रुपये. वाचणारा हा भागाकार करतोच, तेव्हा तो आपण आधी केलेला बरा.

सातवी पायरी: मंजुरीनंतरचे शब्द

मंजुरीपत्र आलं की पेढे वाटा, पण सही करण्याआधी करार वाचा. पैसे ‘हप्त्या’त येतात, इंग्रजी फॉर्ममध्ये त्याला ट्रांच म्हणतात. पहिला हप्ता संपून त्याची यूसी गेल्याशिवाय दुसरा येत नाही. मधल्या काळात मानधन कशातून द्यायचं हे आजच ठरवा. एका शीर्षकाचे पैसे दुसऱ्याकडे न्यायचे असतील तर ‘रीअप्रोप्रिएशन’ची लेखी परवानगी आधी घ्यायची. पुष्कळ करारांत ठरावीक टक्क्यांपर्यंत सूट असते, पण ती किती हे आपल्या करारातच बघा, शेजारच्या मंडळाला विचारून चालणार नाही. वेळ कमी पडली आणि पैसे शिल्लक आहेत, तर जास्तीचे पैसे न मागता मुदत वाढवून घेता येते. त्याला ‘नो कॉस्ट एक्स्टेन्शन’ म्हणतात, आणि हा अर्ज मुदत संपायच्या आधी जायला हवा. संपल्यावर एका दिवसानेही गेला तर तो नुसता माफीनामा ठरतो.

‘सस्टेनेबिलिटी’ या रकान्यात बहुतेक जण ‘गावाच्या सहकार्याने प्रकल्प पुढे चालू राहील’ असं ठोकून देतात. ताईंना मी तो रकाना शेवटपर्यंत रिकामा ठेवायला सांगितला. मग एका रविवारी पालकांची बैठक झाली आणि मुलामागे महिना तीस रुपये द्यायचं ठरलं. ४० मुलांचे १,२०० होतात, मानधनाच्या चौथ्या भागाएवढेही नाहीत. तरी त्यांनी तेवढंच लिहिलं, ठरावाची प्रत जोडली, आणि उरलेल्या ३,८०० साठी दिवाळीच्या फराळाच्या विक्रीतून येणारा नफा दाखवला, मागच्या दोन वर्षांच्या हिशेबासह.

अर्ज मंगळवारी सकाळी अपलोड झाला. मुदत शुक्रवारची होती. बुधवारी जोराचा पाऊस आला आणि गावात दोन दिवस ना वीज होती ना मोबाईलला रेंज.